ऑक्सफर्ड ते केंब्रिज, सायकलवरून

1209 मध्ये ऑक्सफर्डच्या लोकांशी बिनसल्यावर तिथले काही विद्वान पळाले आणि केंब्रिजला जाऊन स्थिरावले. तोच प्रवास आज राष्ट्रीय सायकलमार्ग 51 वरून करता येतो. दिशा ऑक्सफर्डकडूनच धरा: इथे वारा बहुधा नैर्ऋत्येचा, म्हणजे पाठीशी राहतो.

दोन दिवस ठेवा, मुक्काम बेडफर्डला. टायर 32 मिमी किंवा जाड हवेत.

पहिल्या दिवशी बिस्टर, विन्स्लो, मग मिल्टन कीन्स. वाट चुकते ती इथेच. शहरभर लाल डांबराच्या सायकलवाटा आहेत, सगळ्या सारख्याच दिसतात आणि रस्त्यांखालच्या बोगद्यांत दिशेचा अंदाज जातो. लाल रंगाच्या भरवशावर राहू नका. प्रत्येक फाट्यावर 51 चा फलक शोधा, नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या.

बेडफर्ड ते सँडी हे सुमारे 13 किमी सगळ्यात सुखाचे. दोन्ही विद्यापीठांना जोडणारी रेल्वे इथून जायची. 1967 च्या अखेरीस ती बंद पडली आणि तिच्या जागी ही सपाट वाट आली.

पुढे 51 नंबर सेंट आइव्हजला वळसा घेतो, तिथून बसच्या काँक्रीट मार्गाला लागून असलेल्या वाटेने केंब्रिजला पोचतो. ग्रेट ऊझ नदी फुगली की फेन ड्रेटनजवळ ही वाट पाण्याखाली जाते. पाणी उथळ वाटलं तरी वाटेची कड दिसत नाही, त्यामुळे आत शिरू नका. हिवाळ्यात सँडीहूनच गॅमलिंगेमार्गे गावरस्ते धरलेले बरे, अंतरही वाचतं.