परंपरेची बाजू मांडताना कॅथलिक माणूस कुठे घसरतो? या चुका टाळा

इतर पंथांच्या ख्रिस्ती मित्रांशी श्रद्धेवर बोलणं निघालं की एक प्रश्न हमखास येतो : ‘हे बायबलमध्ये कुठे आहे?’ पहिली चूकही तिथेच होते, कारण आपण घाईघाईने वचनं शोधायला लागतो.

मीही तेच करायचो. एका बाप्टिस्ट (म्हणजे प्रोटेस्टंट) मित्राने शुद्धिस्थानाबद्दल, म्हणजे मेल्यावर स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होतो त्या अवस्थेबद्दल विचारलं, तेव्हा मी मेलेल्यांसाठी प्रार्थनेचा उल्लेख असलेलं २ मक्काबी १२ उघडलं. ‘अरे, मक्काबी आमच्या बायबलमध्ये नाहीच!’ तो म्हणाला. मग मक्काबीचा वाद, त्यातून ट्रेंटची परिषद (सोळाव्या शतकातली कॅथलिक परिषद), त्यातून प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा ल्यूथर, ल्यूथरवरून पोप. पाऊण तासाने आम्ही दोघंही तावातावाने बोलत होतो आणि शुद्धिस्थान कधीच मागे पडलं होतं.

गाडी अशी रुळावरून घसरली की नवं वचन पुढे करू नका. मूळ प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो, तो बाहेर काढा : ‘श्रद्धेची प्रत्येक गोष्ट बायबलमध्ये स्पष्ट लिहिलेली असलीच पाहिजे, हे तू कशावरून धरतोस?’ हे खिंडीत गाठण्यासाठी विचारायचं नाही, त्याचं म्हणणं खरंच ऐकायचंय म्हणून विचारायचं. तो बहुधा २ तीमथ्य ३:१६ सांगेल : सगळा शास्त्रलेख देवप्रेरित आहे आणि शिकवायला उपयोगी आहे. याला मनापासून होकार द्या, कारण ती आपलीही श्रद्धा आहे. आता मतभेद नेमका कुठे उरला? ‘उपयोगी’ आणि ‘एवढंच पुरे’ यांच्यामधल्या अंतरात. वादाची जागा एवढी लहान झाली की माणसं आवाज खाली आणतात, असा माझा अनुभव आहे.

‘परंपरा’ या शब्दात सगळंच कोंबणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. मराठीत परंपरा म्हणजे चालत आलेली रीत. घराण्याची असते तशी. ख्रिस्तसभा पवित्र परंपरा म्हणते तेव्हा तिला ते अभिप्रेत नसतं. नव्या करारातला ग्रीक शब्द आहे ‘पाराडोसिस’, म्हणजे हाती सोपवलेली गोष्ट. मार्क ७ मध्ये येशू परुश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी गटाला, सुनावतो की तुम्ही माणसांच्या परंपरेपायी देवाची आज्ञा मोडता. तिथे हाच शब्द आहे. पौल २ थेस्सलनीका २:१५ मध्ये सांगतो की तोंडी असो वा पत्राने, जे तुम्हाला सोपवलं ते घट्ट धरून राहा. तिथेही हाच शब्द आहे. एनआयव्ही या इंग्रजी भाषांतरात मार्कमध्ये तो ‘परंपरा’ असा येतो आणि थेस्सलनीकात ‘शिकवण’ असा. ते वाचून वाढलेल्या माणसाला परंपरा हा शब्द बायबलमध्ये फक्त शिव्या खातानाच दिसला, तर त्यात त्याचा काय दोष? पण ‘भाषांतरात लबाडी केली’ असा आरोप मात्र करू नका. त्याच आवृत्तीत थेस्सलनीकाच्या ओळीखाली ‘किंवा परंपरा’ अशी टीप छापलेली आहे. तो ती बोट ठेवून दाखवेल आणि तुमचं पुढचं सगळं बोलणं वाया जाईल.

तेव्हा आधी चाळणी लावायची. आपण वाचवायला निघालोय ती प्रेषितांकडून आलेली शिकवण आहे, की ख्रिस्तसभेने घातलेला नियम, की निव्वळ भक्तीची पद्धत? धर्मगुरूंचं ब्रह्मचर्य घ्या. हा लॅटिन विधीचा, म्हणजे पाश्चात्त्य कॅथलिक शाखेचा नियम आहे, श्रद्धेचा सिद्धांत नाही. पोपला मानणाऱ्या पौर्वात्य कॅथलिक ख्रिस्तसभांमध्ये विवाहित धर्मगुरू आजही आहेत, आणि प्रेषित पेत्राच्या सासूला ताप आल्याचं मार्कनेच लिहून ठेवलंय. नियमामागची कारणं जरूर सांगा. पण तो प्रेषितांपासून सर्वत्र असाच होता म्हणालात, की समोरचा सासूबाईंनाच पुढे आणणार.

रोझरी (माळेच्या मण्यांवर म्हणायची मरियेची प्रार्थना) ही तिसऱ्या प्रकारातली. ती कुणी म्हटली नाही म्हणून त्याचं कॅथलिकपण जात नाही.

‘बायबल तुम्हाला आम्हीच दिलं’

हे वाक्य टाळ्यांचं आहे, म्हणूनच त्याला जपावं. त्यात तथ्य आहेच. नव्या कराराची आजची २७ पुस्तकांची यादी बिशप अथनासियसच्या इ.स. ३६७ च्या पत्रात दिसते, हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) इथल्या परिषदांनी ती उचलून धरली आणि ट्रेंटने १५४६ मध्ये संपूर्ण यादीवर शिक्कामोर्तब केलं. पुस्तकांची अनुक्रमणिका बायबलच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नाही. यादी ओळखणारा कुणीतरी लागतोच, हा मुद्दा बळकट आहे.

पण जोशात आपण ‘ख्रिस्तसभेने मान्यता दिली म्हणून ही पुस्तकं पवित्र झाली’ असं बोलून जातो, आणि ते कॅथलिक शिकवणीलाच धरून नाही. पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० मध्ये स्पष्ट म्हटलंय की ही पुस्तकं पवित्र आहेत ती ख्रिस्तसभेच्या मंजुरीमुळे नव्हे. पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने लिहिली गेली, त्यांचा कर्ता देव आहे आणि ती ख्रिस्तसभेच्या हाती सोपवली गेली, म्हणून. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं ‘देई वर्बुम’ (१९६५) सांगतं की ख्रिस्तसभेचा शिकवणारा अधिकार देवाच्या शब्दाच्या वर नाही, त्याचा सेवक आहे. हे आपणहून सांगितलं तर प्रोटेस्टंट मित्राची निम्मी भीती तिथेच कमी होते.

समोरच्याचं मत त्याच्यापेक्षा बावळट करून मांडणं

‘तुम्ही परंपरा मानतच नाही.’ हे लूथरन किंवा अँग्लिकन माणसाला सांगून बघा! तो निकेयाचा श्रद्धांगीकार (चौथ्या शतकातलं श्रद्धेचं जाहीर विधान) म्हणतो, प्राचीन धर्मपंडित ऑगस्टीन वाचतो. ‘केवळ शास्त्र’ याचा त्याच्या लेखी अर्थ असा, की परंपरेला मान आहे, पण चुकू न शकणारं अंतिम प्रमाण शास्त्रच. बायबलपलीकडचं काहीही नको म्हणणारेही भेटतात, पण ती वेगळी मंडळी. कुणाशी बोलतोय हे आधी विचारून घ्यावं.

याच पंगतीत बसतो तो ‘तुमच्यात ३३,००० पंथ झाले’ हा टोला. हा आकडा एका ख्रिस्ती विश्वकोशातून आलाय. त्यात मोजणी देशनिहाय आहे, त्यामुळे एकच पंथ जितक्या देशांत तितक्या वेळा मोजला जातो. त्या हिशोबाने खुद्द रोमन कॅथलिकांचेही दोनशेहून जास्त पंथ होतात. हा टोला सोडून द्या.

चर्चपितरांची वाक्यं फेकणं

चर्चपितर म्हणजे पहिल्या काही शतकांतले ख्रिस्ती गुरू. त्यांतला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, हौतात्म्याच्या वाटेवर असताना स्मुर्णेकरांना लिहितो की ख्रिस्तप्रसाद (उपासनेतली पवित्र भाकर) हे आपल्या तारणाऱ्या येशूचं शरीर आहे असं काही जण मानत नाहीत, म्हणून ते त्यापासून दूर राहतात. मी हे त्याच मित्राला मोठ्या आनंदाने वाचून दाखवलं. त्याने शांतपणे विचारलं, ‘मग तुमचा दुसरा पितर इरेनियस म्हणतो की येशू पन्नाशीच्या जवळपास पोचला होता, आणि हे आपल्याला प्रेषित योहानाला भेटलेल्या वडीलधाऱ्यांकडून कळलं असंही म्हणतो. तेही मानतोस का?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘पाहून सांगतो’ म्हणालो आणि घरी येऊन पाहिलं. येशू तिशीतच गेला असं आपण मानतो, तरी इरेनियसने खरंच तसं लिहिलंय. चार दिवसांनी त्याला फोन करून सांगितलं की तुझं बरोबर आहे; एकटा पितर चुकू शकतो, आणि परंपरा म्हणजे एकट्या पितराचं मत नव्हे. वेगवेगळ्या ठिकाणचे पितर एखादी गोष्ट प्रेषितांची श्रद्धा म्हणून एकमुखाने सांगतात, तिथे खरं वजन पडतं. त्यामुळे इग्नेशियसचं वाक्य एकटं न ठेवता त्याच्या शेजारी जस्टिन या दुसऱ्या पितराने इ.स. दीडशेच्या सुमारास केलेलं रविवारच्या उपासनेचं वर्णन ठेवावं, आणि पत्र अख्खं वाचलेलं असावं.

मरियेबद्दल बोलताना चुकीचं क्रियापद

‘आम्ही मरियेची पूजा करतो’ असं कित्येक कॅथलिक सहज बोलून जातात. बोलणाऱ्याच्या मनात सन्मान असतो, ऐकणाऱ्याला मूर्तिपूजा ऐकू येते. ७८७ च्या निकेया परिषदेने हा फरक आखून दिलाय : आराधना फक्त देवाची, संतांना आणि प्रतिमांना सन्मान. तेव्हा ‘आराधना’ आणि ‘सन्मान’ हेच शब्द वापरा, आणि ‘नमो मरिया’ ही प्रार्थना तुकडे करून दाखवा. पहिला भाग लूक १ मधल्या देवदूताच्या आणि अलिशिबेच्या तोंडचा. दुसरा भाग नंतरचा, आजच्या रूपात १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात पक्का झालेला; तोही ‘आमच्यासाठी विनंती कर’ एवढंच मागतो. ‘नंतरचा’ हे स्वतःच सांगून टाकावं. दुसऱ्याने शोधून काढलं तर तेच लपवल्यासारखं दिसतं.

क्षमापत्रांच्या, म्हणजे पापाच्या दंडाची माफी देणाऱ्या पत्रांच्या, बाजाराबाबतही असंच. तो झाला, आणि तो वाईट होता. ट्रेंटने १५६३ मध्ये त्यातली कमाई बंद करायचा हुकूम दिला, १५६७ मध्ये पोप पाचव्या पायसने पैसे देऊन मिळणारी दंडमाफी रद्द केली. ‘त्या काळी असंच होतं’ म्हणत बसू नये. ख्रिस्ती लोकांमधल्या फुटीचा दोष बरेचदा दोन्ही बाजूंच्या माणसांकडे जातो, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेच १९६४ मध्ये लिहून ठेवलंय.

ऑर्थोडॉक्स माणसाला प्रोटेस्टंटांसाठीची उत्तरं देणं

ऑर्थोडॉक्स म्हणजे पूर्वेकडच्या, पोपचा अधिकार न मानणाऱ्या ख्रिस्तसभांचा. इथे वरचं बहुतेक सगळं निरुपयोगी. तो परंपरा आपल्याइतकीच मानतो. त्याचा सवाल असतो, ‘तिच्यात भर कुणी घातली?’ तो ३८१ च्या, म्हणजे वर आलेल्या निकेयाच्याच, श्रद्धांगीकाराकडे बोट दाखवेल. पवित्र आत्मा पित्यापासून निघतो असं तिथे आहे, ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द लॅटिन पश्चिमेत नंतर आले आणि रोमच्या मिस्सेत (ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेत) १०१४ मध्ये शिरले. हे नाकारायचं कारणच नाही. ग्रीक मजकुरात ते शब्द कॅथलिकही घालत नाहीत.