तिसऱ्या घंटेच्या आत जेवून घ्या: नाटकाआधी आणि दोन प्रयोगांच्या मध्ये खायची तयारी

नाटकाचं तिकीट काढलं ना, मग त्याच बैठकीत जेवायचंही ठरवून टाका. प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृहाच्या दारात उभं राहून "चला आता पटकन काहीतरी खाऊ" म्हटलं की समोर जे दिसतं ते महाग असतं, तिथे आपल्यासारखेच शंभर जण शिरलेले असतात आणि शेवटी निम्मं ताट तसंच टाकून धावत सुटावं लागतं. उपाशी बसलं तर पहिल्या अंकभर लक्ष घड्याळाकडे, आणि गळ्यापर्यंत जेवून बसलं तर दिवे गेले की डोळे मिटायला लागतात. दोन्हीकडे नुकसान नाटकाचंच, आणि तिकिटाला एवढे पैसे मोजल्यावर ते खरंच परवडत नाही.

पहिलं काम म्हणजे वेळेचा हिशोब, आणि तो उलटा करायचा, तिसऱ्या घंटेपासून मागे. समजा प्रयोग साडेसातचा आहे. सात-पाचपर्यंत नाट्यगृहाच्या आत असायला हवं कारण तिकीट दाखवणं, बॅग तपासणं, वॉशरूम, खुर्ची शोधणं यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. मॅप चालायला 10 मिनिटं म्हणत असेल तर 15 धरा, सिग्नल असतात, गर्दी असते, सोबत आई-बाबा असतील तर त्यांच्या पायाने चालायचं असतं. म्हणजे हॉटेलमधून पावणेसातच्या सुमाराला उठायचं, त्याआधी दहा मिनिटं बिलाची, आणि ऑर्डर देऊन निवांत खाऊन व्हायला एक तास. झालं, साडेपाच-पावणेसहाला टेबलावर. ऐकायला फार लवकर वाटतं, पण याच वेळेत टेबलं रिकामी असतात, वेटर मोकळे असतात, आणि काही ठिकाणी संध्याकाळच्या गर्दीआधीचा ठरावीक दरातला छोटा मेनू पण असतो. स्वस्तात चांगलं खायचं असेल तर लवकर जाणं हा सगळ्यात मोठा उपाय आहे, बाकी सगळं त्याच्यानंतर.

मात्र इथे एक गोष्ट आधीच फोन करून विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी दुपारचं जेवण संपलं की किचन बंद होतं ते थेट संध्याकाळी सहा-सातला सुरू होतं, मॅपवर मात्र दिवसभर "उघडं" दाखवत राहतं कारण दार उघडंच असतं, चहा-कॉफी मिळत असते. म्हणून "हॉटेल किती वाजता उघडतं" असं न विचारता "किचन किती वाजता सुरू होतं, पूर्ण मेनू कधीपासून मिळतो" असं विचारा. सणासुदीला आणि सुट्टीच्या दिवशी तर मॅपवरच्या वेळेवर अजिबात विसंबू नका, एक फोन करा आणि मोकळे व्हा.

आता एकाच दिवशी दोन प्रयोग बघायचे असतील तर गणित वेगळं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला किंवा लंडनच्या वेस्ट एंडला बऱ्याच नाटकांचे आठवड्याला आठ प्रयोग होतात, त्यात काही दिवस दुपार-संध्याकाळ असे दोन, त्यामुळे बाहेरगावाहून येणारे एका दिवसात दोन नाटकं बसवतात. दोन भागांचं नाटक असलं तरी असाच दिवस येतो. कागदावर मधले तीन तास दिसतात पण हातात तेवढे येत नाहीत. दुपारचा प्रयोग दोनला सुरू होऊन मध्यंतर धरून पावणेतीन तासांचा असेल तर पावणेपाचला पडदा, मग कर्टन कॉल म्हणजे सगळे कलाकार नमस्कार करायला स्टेजवर येतात ते, मग दाराशी गर्दी, बाहेर रस्त्यावर येईपर्यंत पाच. पुढचा प्रयोग साडेसातला म्हणजे सातच्या आसपास परत आत. उरले जेमतेम दोन तास, त्यातून दोन्हीकडचं चालणं वजा करा, आणि नेमकी हीच वेळ किचन बंद असण्याची. माझं मत स्पष्ट आहे, दोन प्रयोगांच्या दिवशी मुख्य जेवण पहिल्या प्रयोगाच्या आधी दुपारी करा, बारा-सव्वाबाराला. दुपारचे दर बऱ्याच ठिकाणी रात्रीपेक्षा कमी असतात, तोच स्वयंपाकी, तेच किचन, ताट थोडं लहान. मधल्या वेळेत काहीतरी हलकं खा, पाय पसरून बसा, पाणी प्या. त्या वेळेत मोठं जेवण कोंबायला गेलात की दुसऱ्या नाटकाचा पहिला अंक हातचा गेला समजा. आणि दोन नाट्यगृहं वेगवेगळी असतील तर मधलं खाणं दुसऱ्या नाट्यगृहाच्या बाजूला ठरवा, पहिल्याच्या नाही. आधी प्रवास उरकायचा आणि मग खायला बसायचं, म्हणजे उशीर झालाच तर खाणं आवरतं घेता येतं, उलट केलं तर उशीर थेट नाटकाला होतो.

जागा शोधताना मॅपवर नाट्यगृहाच्या नावावर बोट ठेवून "जवळची रेस्टॉरंट" शोधू नका. अगदी समोरच्या जागांना भाडं जास्त असतं आणि गिऱ्हाईक तर आपोआप येतं, ते परत येईल का याची फिकीर करायची त्यांना फारशी गरज पडत नाही. मुख्य रस्ता सोडून दोन-तीन गल्ल्या आत बघा. त्याहून चांगलं म्हणजे स्टेशन, मेट्रो किंवा पार्किंगपासून नाट्यगृहापर्यंतचा आपला रस्ता मॅपवर काढा आणि त्या रस्त्यावरच्या जागा बघा, म्हणजे वेगळं चालावं लागत नाही. कॉलेज, हॉस्पिटल, ऑफिसं, बाजार यांच्या आसपास रोज जेवणारी माणसं असतात आणि रोजच्या गिऱ्हाइकाला महाग आणि वाईट दोन्ही देऊन चालत नाही. फक्त ऑफिसांच्या भागातल्या जागा शनिवार-रविवारी बंद असू शकतात, कॉलेजजवळच्या सुट्टीत, हे तपासा. म्युझियमचे कॅफे, मोठ्या दुकानांच्या वरच्या मजल्यावरचे फूड कोर्ट, सार्वजनिक वाचनालयाचं कँटीन, या जागा लोकांच्या लक्षातच येत नाहीत आणि मधल्या वेळेत त्या चालू असण्याची शक्यता चांगली असते.

रिव्ह्यू वाचताना सगळ्यात नवे आधी लावा, चार वर्षांपूर्वीच्या पाच स्टारला काही अर्थ नाही, मालक बदलतो, स्वयंपाकी बदलतो. रिव्ह्यूमध्ये "शो", "नाटक", "थिएटर" असे शब्द टाकून सर्च करा, आपल्यासारखं घाईत जेवून गेलेल्या माणसाने वेळेबद्दल काय लिहिलंय ते बघा, आपल्या कामाची गोष्ट तीच. मेनूचे फोटो गिऱ्हाइकांनी टाकलेले बघा आणि त्यांची तारीख बघा. आणि माणसांना विचारा की! बुकिंगच्या खिडकीवरची माणसं, डोअरकीपर, लाइट-सेटवाले, यांना रोज त्याच परिसरात, घाईत आणि स्वतःच्या खिशातून खायचं असतं, त्यांच्याएवढा जाणकार दुसरा कोण. पण प्रश्न नीट विचारा. "इथे चांगलं कुठे मिळतं" म्हटलं की पाहुण्याला सांगायची जागा सांगतात, "तुम्ही स्वतः कुठे जेवता" म्हटलं की खरी जागा कळते.

जागेवर पोचलात की लगेच आत शिरू नका, दारात दोन मिनिटं उभे राहा आणि बघा. किती टेबलांवर ताटं आहेत आणि किती टेबलांवर नुसतेच पाण्याचे ग्लास? दहातल्या सात टेबलांवर माणसं रिकाम्या टेबलाकडे बघत बसली असतील, कोणी मान वळवून किचनच्या दाराकडे बघतंय, कोणी वेटरला हात करतंय, तर किचन मागे पडलंय, तिथे तुमची ऑर्डर त्या सातांच्या नंतर लागणार. उलट सगळी टेबलं भरलेली पण सगळ्यांसमोर ताटं, एक टेबल उठतंय, एक पोरगा पुसून घेतोय, काउंटरवर तयार ताट आलं की लगेच उचललं जातंय, तर दहा मिनिटं थांबावं लागलं तरी तिथे थांबा. गर्दीला घाबरू नका, अडकलेल्या किचनला घाबरा. मेनू बाहेर लावलेला असेल तर तो बघा, फार लांबलचक मेनू असेल तर घाईत त्यातलं काय ताजं येईल याचा भरवसा कमी, छोटा मेनू आपल्या कामाचा.

पैशाचा हिशोब करताना एका पदार्थाची किंमत बघू नका, टेबलावरून उठताना किती जाणार ते बघा. टॅक्स, सर्व्हिस चार्ज, बाटलीतलं पाणी, पार्किंग, सगळं धरा. ठरावीक दरातला मेनू असेल तर त्याच्या अटी वाचा, अमुक वेळेआधी ऑर्डर द्यायची, फक्त कामाच्या दिवशी, टेबलावरच्या सगळ्यांनी तोच घ्यायचा, असं काहीतरी बारीक अक्षरात असतं. आणि त्यातलं सगळं आपण खरंच खाणार आहोत का? गोड नकोच असेल आणि आधीचं सूप पण नको असेल तर नेहमीच्या मेनूतला एक पदार्थ स्वस्त पडतो. ग्रुप असेल तर पैसे आधीच एकाकडे गोळा करा, आठ जणांचं बिल वेगवेगळं करायला बसलात की दहा-पंधरा मिनिटं गेली.

बसायच्या आधीच, म्हणजे खुर्ची ओढायच्याही आधी, वेटरला सांगा की आमचं साडेसातचं नाटक आहे, पावणेसातला निघायचंय, जमेल का. जमणार नसेल तर तो तेव्हाच सांगेल आणि तुम्हाला दुसरीकडे जायला वेळ उरेल. मग विचारा की लवकर काय येईल, आणि जे म्हणेल त्यातलंच मागवा, आज काहीतरी वेगळं करून बघायचा दिवस नाही. सगळी ऑर्डर एकदमच द्या. जेवण आलं की लगेच बिल मागवून पैसे देऊन टाका, मग शेवटच्या घासापर्यंत निवांत. वीस मिनिटांत काहीच आलं नाही तर विचारा की ऑर्डर लागली का, नसेल लागली तर रद्द करून उठा, लाजू नका.

काय खायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण शरीराचं थोडं ऐका. तेलकट, तुपकट जेवण पोटातून पुढे सरकायला जास्त वेळ घेतं, भात-पोळीचं मोठं ताट झालं की सुस्ती येते. खारट खाल्लं की तहान लागते, तहान लागली की पाणी, आणि पाणी प्यायलं की अंकाच्या मध्यावर उठायची वेळ. पाणी दुपारपासून थोडं थोडं पीत राहा आणि शेवटच्या अर्ध्या तासात घोटभरच. कॉफी घेणार असाल तर लक्षात घ्या की त्यातलं कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला सरासरी 5 तास लागतात, म्हणजे संध्याकाळी पाचची कॉफी दोन्ही अंकांना पुरते, साडेसहाची मग रात्री झोप उडवते. कच्चा कांदा-लसूण त्या दिवशी राहू द्या, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला तीन तास तिथेच बसायचंय. सोबत डायबिटीसवालं कोणी असेल तर त्यांची गोळी-इन्सुलिन आणि जेवणाची वेळ आधी ठरवा, बाकीच्यांनी त्याप्रमाणे जुळवून घ्यावं. लहान मुलांना निघायच्या आधी घरीच खायला घाला, बाहेर फक्त वरचं काहीतरी.

मध्यंतराच्या भरवशावर राहू नका. पंधरा-वीस मिनिटं असतात, त्यात वॉशरूमची रांग आणि काउंटरची रांग दोन्ही करणं एका माणसाच्याने होत नाही. दोघं असाल तर वाटून घ्या. काही नाट्यगृहांत मध्यंतराची ऑर्डर प्रयोगाआधीच देऊन ठेवता येते, तशी सोय असेल तर नक्की वापरा. बॅगेत एखादा कोरडा खाऊ ठेवा, सुकामेवा म्हणा किंवा घरचं काहीतरी, पण बाहेरचं खाणं आत चालतं का ते तिकिटावर किंवा वेबसाइटवर वाचून घ्या आणि चालत असलं तरी फॉयेमध्येच खा. प्रेक्षागृहात पाकीट उघडायचं नाही म्हणजे नाहीच, स्टेजवर एखादा नट शांततेवर सगळा प्रसंग तोलून धरतो आणि मागून चुरचुर आवाज येतो, फार वाईट वाटतं हो.

दुसरी जागा नेहमी हाताशी ठेवा. पहिली बंद निघाली, भरलेली निघाली तर पाच मिनिटांवरची एखादी बेकरी, सुपरमार्केट, स्टेशनवरचा स्टॉल, काहीही, पण कोणती ते घरूनच ठरवून निघा. दोन्ही जागांचे पत्ते आणि फोन नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा आणि ग्रुपवर टाका, म्हणजे मागून येणारा मित्र थेट टेबलावर येईल, रस्त्यात तुम्हाला फोन करत बसणार नाही.

आणि दीड-दोन तासांचं विनामध्यंतर नाटक असेल तर सरळ उलटं करा, आधी हलकं खाऊन जा आणि जेवण नंतर करा, नाटकावर बोलायला पण मजा येते. फक्त त्या जागेची शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात ते विचारून ठेवा, दहाला बंद म्हणजे साडेनऊला किचन बंद असू शकतं, आणि घरी जायची शेवटची गाडी किती वाजता आहे तेही त्याच वेळी बघून घ्या.