सी मध्ये ठरावीक बिटांचे पूर्णांक कीबोर्डवरून कसे वाचायचे

बाजार समितीच्या काट्यावर सोयाबीनच्या नोंदींसाठी सी मध्ये छोटा प्रोग्राम लिहायचा आहे असं धरू. नोंद फाइलमध्ये मोजक्या बाइटांत बसवायची, म्हणून साध्या इंटऐवजी ठरावीक रुंदीचे प्रकार घेतले: ओलावा यूइंट८_टी, प्रत (दर्जा) यूइंट८_टी, कट्टे यूइंट१६_टी. नावातला आकडा म्हणजे बिटांची संख्या (८ बिटांचा एक बाइट), यू म्हणजे चिन्हरहित, उणे आकडे न घेणारा. हे प्रकार स्टडइंट.एच मध्ये आहेत, १९९९ च्या सी मानकापासून. (इथे सगळी नावं उच्चाराप्रमाणे आणि सगळे आकडे देवनागरीत दिले आहेत, टाइप करताना ते अर्थातच इंग्रजीत.)

घोळ होतो तो वाचताना. स्ट्रक्टमध्ये (अनेक घटक एकत्र ठेवणाऱ्या रचनेत) ओलावा, प्रत आणि कट्टे याच क्रमाने असतील तर तिघं मिळून लागोपाठ चार बाइट होतात. आधी कट्टे ४० भरले, मग ओलाव्यासाठी स्कॅनएफला (कीबोर्डवरून वाचणारं फंक्शन) "%डी" ही इंट वाचण्याची खूण दिली आणि ९ टाइप केले. "%डी" ला मिळाला ओलाव्याचा पत्ता, पण त्याच्या समजुतीप्रमाणे तिथे अख्खा इंट आहे, म्हणजे आजच्या पीसीवर चार बाइट. तो चारही लिहितो: ९, ०, ०, ०. पहिला ओलाव्यात बसला, दुसऱ्याने प्रत पुसली, उरलेल्या दोघांनी कट्टे. पावतीवर ओलावा अगदी बरोबर आणि कट्टे शून्य. मग माणूस कट्ट्यांची ओळ तपासत बसतो, चूक मात्र ओलाव्याच्या ओळीत. जीसीसी या कंपायलरला -वॉल हा पर्याय देऊन कंपाइल केलं की या ओळीवर इशारा येतो. तो वाचा.

यावरचा सरळ उपाय इंटटाइप्स.एच मधले मॅक्रो, म्हणजे ज्यांच्या जागी कंपाइल करताना ठरलेला मजकूर भरला जातो अशी नावं. यूइंट८_टी वाचायला एससीएनयू८, इंट१६_टी वाचायला एससीएनडी१६. छापायला पीआरआययू८, पीआरआयडी१६. पहिली तीन अक्षरं कॅपिटल, मधलं यू किंवा डी लहान. टक्क्याचं चिन्ह अवतरणात राहतं, मॅक्रो अवतरणाबाहेर: "%" एससीएनयू८. शेजारच्या दोन स्ट्रिंग कंपायलर जोडून घेतो. "%४डी" मधल्या ४ ला मात्र बाइट समजू नका. ती चार अक्षरं वाचण्याची मर्यादा आहे, साठवणीशी तिचा संबंध नाही.

मॅक्रोने शेजारचे बाइट सुरक्षित राहतात, आकडा सुरक्षित राहीलच असं नाही. भरलेल्या मोठ्या ट्रकचं वजन ३५,००० किलो आलं आणि ते इंट१६_टी मध्ये घेतलं, तर त्याची कमाल ३२,७६७. लिनक्सवर सहसा –३०,५३६ मिळतं, आणि स्कॅनएफ तरीही १ परत करतो, म्हणजे ‘वाचलं बुवा’. ओलावा ३०० टाकला तर यूइंट८_टी मध्ये ४४ उरतात. मानकाच्या दृष्टीने न बसणारा आकडा आल्यावर काय व्हावं हे ठरलेलंच नाही, त्यामुळे या उत्तरांवरही विसंबता येत नाही. शिवाय कोणी ‘बारा’ असं अक्षरात लिहिलं तर स्कॅनएफ ते उचलतच नाही. ते बफरमध्ये (इनपुट थांबून राहतं त्या जागेत) पडून राहतं आणि लूपमध्ये प्रश्न धडाधड छापत सुटतो. माणूस टाइप करणार असेल तिथे स्कॅनएफ नकोच.

त्याऐवजी एकच फंक्शन लिहा आणि सगळ्या रुंदींना तेच वापरा. त्याला प्रश्न, किमान, कमाल आणि उत्तराचा पत्ता द्यायचा. आतलं काम असं:

१. एफगेट्स या ओळ वाचणाऱ्या फंक्शनने पूर्ण ओळ १२८ बाइटांच्या बफरमध्ये घ्या. त्याच्याकडून नल (रिकामा पत्ता) आला तर इनपुट संपलं. त्यासाठी वेगळा कोड परत करा, ‘चुकीचा आकडा’ समजून पुन्हा विचारू नका, नाहीतर लूप थांबणार नाही. ओळीच्या शेवटी न्यूलाइन नसेल तर ओळ सहसा बफरहून लांब असते: एकेक अक्षर वाचणाऱ्या गेटचारने न्यूलाइन किंवा ईओएफ (इनपुटचा शेवट) येईपर्यंत उरलेलं फेकून द्या आणि ओळ नाकारा.

२. मराठी आकडे साधे करून घ्या. याबद्दल खाली.

३. एर्नो (लायब्ररी शेवटची चूक जिथे नोंदवते तो आकडा) शून्य करा. हे विसरलं जातं. यशस्वी झालं तरी लायब्ररी एर्नो पुसत नाही, त्यामुळे मागची चूक आत्ताची वाटते.

४. स्ट्रटोआयमॅक्स (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) बोलवा, पाया १०. पाया ० दिला तर ०१० चे ८ होतात, कारण सुरुवातीचं शून्य त्याला अष्टमान वाटतं. गट नंबर ०१० लिहिणारे कमी नाहीत. स्ट्रटोल (तेच काम करून लाँग प्रकार देणारं) नको, कारण लाँग ६४ बिटी विंडोजवर ३२ बिटांचाच असतो आणि ६४ बिटी लिनक्सवर ६४ बिटांचा.

५. वाचन कुठे थांबलं ते दाखवणारा शेवटचा पॉइंटर सुरुवातीलाच अडकला असेल तर एकही आकडा नव्हता. पुढे सरकला असेल तर त्यानंतर फक्त मोकळी जागा आणि ओळीचा शेवट चालेल, बाकी काही नाही. म्हणजे ‘१२.५’ किंवा ‘४० कट्टे’ नाकारले जातात, नाहीतर १२.५ चे गुपचूप १२ होतात.

६. एर्नो ईरेंज (आकडा मावला नाही) असेल, किंवा आकडा किमान-कमालच्या बाहेर असेल, तर नाकारा. कास्ट, म्हणजे हव्या प्रकारात बदल, यानंतरच.

किमान-कमाल म्हणून प्रकाराची टोकं देऊ नका, व्यवहाराची द्या. ओलावा ० ते १००, २५५ नव्हे. ओलावा दशांशात मोजत असाल तर १२.४ ला १२४ साठवा, पण मग यूइंट१६_टी घ्या.

चिन्हरहित प्रकारांचा एक सापळा: स्ट्रटोयूमॅक्सला (स्ट्रटोआयमॅक्सचं चिन्हरहित भावंड) –१ दिलं तर तो चूक दाखवत नाही, सर्वात मोठा आकडा हातात देतो. ३२ बिटांपर्यंत स्ट्रटोआयमॅक्स आणि किमान ० एवढं पुरतं. यूइंट६४_टी खरंच लागत असेल तर आधी उणे चिन्ह शोधून नाकारा.

आता मराठी आकडे. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि ‘४०’ देवनागरीत आलं, तर स्ट्रटोआयमॅक्सला त्यात आकडाच दिसत नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी अंक तीन बाइटांचा: २२४, १६५ आणि तिसरा १६६ (शून्य) ते १७५ (नऊ). बफरवर दोन पॉइंटर चालवा, एक वाचणारा, एक लिहिणारा. हे तीन बाइट दिसले की तिसऱ्यातून १६६ वजा करा, त्यात साध्या शून्याचं अक्षर मिळवा आणि एकच बाइट लिहा. बाकी सगळं जसंच्या तसं. तुलना अनसाइन्ड चार या प्रकारात (चार म्हणजे अक्षराचा प्रकार, ४ नव्हे) बदलूनच करा, कारण पुष्कळ मशीनवर साधा चार प्रकार चिन्हासह असतो आणि २२४ चे –३२ होतात. इजस्पेसला (मोकळी जागा ओळखणारं फंक्शन) अक्षर देतानाही हाच कास्ट हवा. विंडोजच्या काळ्या खिडकीत हे बाइट धड पोहोचतीलच असं नाही. तिथे आधी बाइट छापून बघा.

रकमेचं थोडं वेगळं. पैशांत हिशोब ठेवला तर इंट३२_टी ची कमाल २,१४,७४,८३,६४७ पैसे, म्हणजे २ कोटी १४ लाख रुपयांच्या आसपास. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावाने ४,३८९ क्विंटलला मर्यादा संपते. हंगामाची बेरीज इंट६४_टी मध्येच घ्या आणि गुणाकाराआधी एक बाजू इंट६४_टी करून घ्या, नंतर केलेल्या कास्टचा उपयोग नाही. ‘१,२५,०००’ असा स्वल्पविराम आला तर पायरी ५ वर ओळ नाकारली जाते. ते काढून टाकण्याचा मोह होतो, पण १२.५ ऐवजी १२,५ टाइप झालं तर त्याचे १२५ होतील. नाकारा आणि ‘१२५००० असं लिहा’ हे छापा. मोबाइल आणि खाते क्रमांक आकडे असले तरी संख्या नव्हेत, ते स्ट्रिंगमध्येच ठेवा.

ओलाव्याच्या प्रश्नावर हे टाकून बघा: नुसतं एंटर, ‘ ९ ’, देवनागरी ९, –१, १००, १०१, ३००, १२.५, बारा, सलग शंभर वेळा ९, आणि लिनक्सवर कंट्रोल-डी. यातले ९, देवनागरी ९ आणि १०० एवढेच स्वीकारले गेले पाहिजेत, आणि तेव्हा शेजारचे कट्टे ४० चे ४० राहिले पाहिजेत.