संत्रं, बल्ब आणि हरवलेला हिवाळा: ऋतू शिकवताना या चुका टाळा

संत्र्यात खराट्याची काडी खुपसायची, ती साडेतेवीस अंश कलती धरायची आणि पेटत्या बल्बाभोवती चक्कर मारायची, हा आमच्या शाळेतला जुना प्रयोग: संत्रं म्हणजे पृथ्वी, काडी म्हणजे तिचा आस, बल्ब म्हणजे सूर्य. कित्येक वर्षं मी तो चुकीचाच करत होतो. एकदा एका पोरीनं विचारलं, "सर, मंग हिवाळा कवा येते?" पाहतो तर चालताना माझं मनगटही वळत होतं आणि काडीचं वरचं टोक कायम बल्बाकडेच! म्हणजे आमच्या संत्र्यावर बारमाही उन्हाळा. (चंद्रपूरकर म्हणतील, यात नवीन काय?)

काडीचं टोक एकाच दिशेला रोखून ठेवा. आम्ही उत्तरेकडचं मारुतीचं देऊळ धरलं. पृथ्वीचा आस असाच वर्षभर ध्रुवताऱ्याकडे रोखलेला असतो. बल्बाच्या दक्षिणेला उभं राहिलं की वरचा भाग बल्बाकडे झुकतो, तो जून. उत्तरेला गेलं की तोच भाग पाठ फिरवतो, तो डिसेंबर. दिवसरात्रीसाठी संत्रं वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरवा, नाहीतर सूर्य पश्चिमेला उगवेल.

"उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो" हे तर मोठी माणसंही सांगतात. उलट आपण शेकोटीभोवती बसतो तेव्हा, जानेवारीच्या सुरुवातीला, तो सर्वांत जवळ असतो: सुमारे 14.7 कोटी किलोमीटर. जुलैत 15.2 कोटी.

खरा फरक कळतो तो काठीच्या सावलीत. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) काठी रोवा, पण ओळंबा लावून. आणि ठोक्याला 12 वाजता मोजू नका. मेच्या आणि डिसेंबरच्या शेवटी नागपूरकडे खरी दुपार 12 वाजून 10 मिनिटांच्या आसपास होते. सावली सर्वांत आखूड होईल तो क्षण धरा. 22 डिसेंबरला मीटरभर काठीची सावलीही जवळजवळ मीटरभर पडते: ऊन तिरपं, तेच जास्त जमिनीवर पसरलेलं, शिवाय दिवस लहान. 26 मेच्या सुमारास, ऐन नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि सावली गायब! दक्षिणेकडच्या सिरोंच्याला हे मेच्या मध्यातच घडतं. 26 मेनंतर नागपूरला जुलैच्या मध्यापर्यंत दुपारची सावली दक्षिणेला पडते. पोरांना वाटतं काठीच वाकली.

17 जुलैच्या सुमारास सूर्य पुन्हा माथ्यावर येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं. आणि मेमध्ये शाळेला सुट्ट्या. म्हणून आम्ही पोरांना घरीच मोजायला सांगतो. एकानं तर गोठ्यातल्या खुंट्याचीच सावली मोजून आणली.