संघटनेच्या माजी पदाधिकाऱ्यांचा सत्कार ठेवताय? हॉल नंतर बुक करा

आपल्या लॅन्डस्केप कॉन्ट्रॅक्टर नाहीतर नर्सरीवाल्यांच्या संघटनेला पंचवीस-तीस वर्षं होत आली की कमिटीतल्या कुणाला तरी आठवतं, अरे जुन्या लोकांचा एकदा सत्कार घेऊया. मग पुढच्या मिटिंगला हॉल ठरतो, शाली कुठून घ्यायच्या ते ठरतं, पाहुणा म्हणून आमदार आणायचा की आयुक्त यावर अर्धा तास जातो आणि ज्यांचा सत्कार करायचाय त्यांची पूर्ण यादी मात्र कुणाकडेच नसते. माझं म्हणणं, हे सगळं उलट्या क्रमानं करा. आधी यादी, मग त्या माणसानं नेमकं काय केलं त्याची नोंद, आणि हॉल-शाल-पाहुणा सगळ्यात शेवटी.

यादीसाठी व्हॉट्सॲप ग्रुपवर "माजी अध्यक्षांची नावं पाठवा" असं टाकू नका. पंधरा उत्तरं येतात, तरी दोन नावं राहतात, आणि ज्याचं नाव राहिलं त्याचा पुतण्या नेमका ग्रुपमध्ये असतो. कागद काढा. संघटना १८६० च्या सोसायटी ॲक्टखाली नोंदलेली असेल तर आपल्याकडे महाराष्ट्रात ती १९५० च्या पब्लिक ट्रस्ट ॲक्टखालीपण नोंदलेली असते, आणि मग दर वेळी कमिटी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. त्यात कोण गेलं कोण आलं ते नावानिशी असतं, सोबत ठरावाची प्रत असते. तुमच्याकडच्या प्रती हरवल्या असतील तर आधी जुन्या सीएला किंवा वकिलाला विचारा, तिथंही नसतील तर अर्ज करून नकला काढता येतात, वेळ लागतो पण मिळतात. आता खरं सांगायचं तर बऱ्याच संघटनांनी वर्षानुवर्षं चेंज रिपोर्ट दिलेलेच नसतात, मग प्रोसिडिंग बुक म्हणजे सभांच्या नोंदींची वही, जुनी पावतीपुस्तकं, ऑडिट रिपोर्टखालच्या सह्या, बँकेत सह्यांचे अधिकार बदलल्याची पत्रं, असं जुळवत जावं लागतं. खजिनदार कोण होता हे बहुतेक वेळा त्या सहीवरूनच कळतं, कारण खजिनदाराचा फोटो कुठंच नसतो.

आणि इथंच यादी फक्त अध्यक्षांची ठेवायची की नाही हा प्रश्न येतो. ठेवू नका. आपल्या धंद्यात अध्यक्ष बहुतेक वेळा मोठा कॉन्ट्रॅक्टर किंवा मोठी नर्सरी असलेला माणूस, त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतंच. पण २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, तेव्हा रोपावर टॅक्स शून्य आणि तेच रोप साईटवर लावून लॉन-बिन करून दिलं की वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे मालासकट कामाचा ठेका, धरून अठरा टक्के, हा घोळ एकेका मेंबरला फोनवर समजावत कोण बसलं होतं? तो बहुतेक सेक्रेटरी असतो, किंवा कसलंच पद नसलेला पण हिशोबात डोकं चालणारा कुणीतरी. जानेवारीत पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, तिथं आपला स्टॉल लागतो तर कुंड्या उतरवून घ्यायला पहाटे कोण हजर असायचं? ही माणसं यादीत आली नाहीत तर सत्कार हा नुसता खुर्चीचा सत्कार होतो. पगारी मॅनेजर किंवा ऑफिस असिस्टंट असेल तर त्याचा मान वेगळा ठेवा, कमी नाही, वेगळा, कारण बाकीच्यांनी स्वतःची साईट सोडून फुकट वेळ दिला हा या कार्यक्रमाचा मुद्दा आहे.

भांडून बाहेर पडलेले, दुसरी संघटना काढलेले, निवडणुकीत हरल्यावर परत न फिरकलेले, यांचं काय? त्यांनापण बोलवा. त्यांनी तीन वर्षं काम केलं ते केलंच, नंतरच्या भांडणानं ते पुसलं जात नाही. फक्त यांना छापील पत्रिका पाठवून किंवा फोनवर बोलून जमत नाही, वयानं मोठे असे दोघंजण घरी पाठवा, चहा घेऊ द्या, जुना विषय निघाला तर ऐकून घेऊ द्या, बाजू मांडत बसू नका म्हणावं. ते नाही आले तरी मानपत्र तयार ठेवा आणि दुसऱ्या दिवशी घरी नेऊन द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, म्हणजे त्यांच्याकडून माहिती काढणं. प्रत्येकाकडे तासभर जा, मोबाईलवर रेकॉर्डिंग करू का म्हणून आधी विचारा. "तुमचा प्रवास सांगा" असं विचारलंत तर माणूस भाषण द्यायला लागतो आणि ते कुणाच्याच उपयोगाचं नसतं. बारीक विचारा. मिटिंग कुठं व्हायची, चहाचे पैसे कोण द्यायचं, पहिली मेंबरशिप फी किती होती, लॉन कुठून आणायचात आणि काय भावानं, पालिकेच्या टेंडरमध्ये कुठली अट बदलून घेतलीत, बिल्डरकडे अडकलेल्या बिलासाठी संघटना म्हणून कधी गेला होतात का, मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा नर्सरीतल्या रोपांना पाणी घालायला माळी कसे पोचवलेत. या शेवटच्या प्रश्नावर मांजरी-लोणी-उरुळी या नर्सऱ्यांच्या पट्ट्यातला जुना माणूस हमखास बोलता होतो.

घरात बोलत नसतील तर बागेत न्या. आपली माणसं ड्रॉइंग रूममध्ये दोन वाक्यांत आटपतात आणि झाडापाशी उभी केली की थांबत नाहीत. सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान यासाठी एकदम बेस्ट, ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेलं आहे, तिथं ते दगडांची रचना, लॉनचे चढउतार, पाण्याच्या कडा बघत आपोआप तुलना करायला लागतात की आमच्या काळात हे असं कुणाला जमायचं आणि कुणाला नाही. सारसबागपण चालेल. फक्त सकाळी लवकर न्या आणि बसायला बाक कुठंय ते आधी बघून ठेवा, गुडघे सगळ्यांचे गेलेत.

मानपत्र. हे बहुतेक ठिकाणी कुठूनतरी कॉपी केलेलं असतं, "मनमिळाऊ, हरहुन्नरी, निसर्गावर निस्सीम प्रेम करणारे", नाव बदललं की कुणालाही चालतं. रेकॉर्डिंगमधून आणि प्रोसिडिंग बुकमधून दोन-तीनच गोष्टी घ्या आणि सरळ लिहा. "सभासदांची अडकलेली बिलं मिळावीत म्हणून आपण सलग दोन वर्षं दर महिन्याला पालिकेत गेलात" असं एक वाक्य (अर्थात खरं असेल तरच) त्या विशेषणांच्या अख्ख्या पानापेक्षा भारी पडतं, आणि समोर बसलेल्या नवीन पोरांनापण कळतं की संघटना म्हणजे वार्षिक जेवण नाही. सालं प्रोसिडिंग बुकाशी ताडून बघा, कारण माणसाच्या आठवणीत दोन टर्म सहज एक होतात. छापायच्या आधी मजकूर त्यांना किंवा घरच्यांना वाचून दाखवा, आडनाव ते स्वतः कसं लिहितात ते विचारा, वडिलांचं नाव, ऱ्हस्व-दीर्घ सगळं. गेलेल्या माणसाच्या नावापुढे कै. लावायचं की स्व., हेपण घरच्यांनाच विचारा, यावरून पुण्यात काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको.

वस्तू काय द्यायची यावर मी फार वेळ घालवणार नाही. शाल-श्रीफळ ठेवा, लोकांना बरं वाटतं. पगडी घालणार असाल तर पुणेरी की फुल्यांचं पागोटं हे ज्याच्या डोक्यावर जाणार त्याला आदल्या आठवड्यात विचारा, स्टेजवर नको. ट्रॉफी नको, प्रत्येकाच्या शोकेसमध्ये दहा धूळ खात पडल्यात. आणि सेलोफेनमध्ये गुंडाळलेला बुके तर आपण तरी देऊ नये, आपला धंदाच झाडांचा आहे. कलमी सोनचाफा द्या, लहानपणीच फुलतो, पण ज्याच्याकडे अंगण किंवा टेरेस आहे त्यालाच, फ्लॅटच्या बाल्कनीत राहणाऱ्याला काहीतरी छोटं द्या. बारा इंची कुंडी पंच्याहत्तरीच्या माणसाच्या हातात देऊन फोटो काढायचा आणि मग त्यानं ती रिक्षातून न्यायची, हा प्रकार बघवत नाही. स्टेजवर नुसतं कार्ड द्या, झाड दुसऱ्या दिवशी टेम्पोनं घरी पोचवा, माळी पाठवून लावून द्या.

नावानं झाड लावणार असाल तर ते सत्काराच्या दिवशी लावू नका, पाऊस नीट सुरू झाल्यावर, जूनअखेर ते जुलैत लावा. बकुळ, ताम्हण, बहावा यातलं काहीही चालेल. बकुळ सावकाश वाढते पण टिकते, ताम्हण आपल्या राज्याचं फूल आहे आणि एप्रिल-मेमध्ये जांभळं होऊन जातं. गुलमोहर नको, वाऱ्यात फांद्या पडतात. शाळेत लावणार असाल तर सप्तपर्णी वर्गाच्या खिडकीजवळ नको, तिचा बहर आला की वासानं डोकं उठलेली माणसं तक्रार घेऊन येतात. तीन फुटी खड्डा, शेणखत, आधाराला बांबू हे सगळं आपल्याला येतं, पण आपण विसरतो ती जागा आणि पाणी. जागा शाळेची किंवा कॉलेजची असेल तर लेखी परवानगी घ्या, पालिकेची असेल तर उद्यान विभागाकडून. आणि किमान तीन उन्हाळे पाण्याचा खर्च बजेटमध्ये धरा. झाड मेलं आणि खाली नावाची पाटी राहिली की ज्याचा सन्मान केला त्याची थट्टा होते, तेव्हा क्लायंटला रिप्लेसमेंट लिहून देतो तसं इथंही कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा. पाटी जमिनीत रोवलेली दगडाची, झाडाला खिळा नाही.

तारीख. जून ते सप्टेंबर सगळे साईटवर चिखलात असतात. दसरा आणि पाडव्याच्या आधी बिल्डरला पझेशन द्यायचं असतं, तेव्हा कुणी फोनपण उचलत नाही. पाच जूनला, पर्यावरण दिनाला, सगळ्या शहराला झाडं लावायची असतात. पितृपक्ष काही घरांना चालत नाही. पुष्पप्रदर्शन उरकलं की फेब्रुवारीतला रविवार सकाळ ही मला सगळ्यात सोयीची वाटते, मार्चएंडच्या बिलांचं टेन्शन अजून सुरू झालेलं नसतं. हॉल मोठा घेऊ नका. नवी पेठेत पत्रकार भवन आहे, शेजारी एस. एम. जोशी सभागृह आहे, अशा साईजचा बघा, आणि बुक करायच्या आधी लिफ्ट, पार्किंग, टॉयलेट आणि स्टेजच्या पायऱ्या स्वतः जाऊन बघा. पायऱ्या जास्त असतील तर सत्कारमूर्तींना पहिल्या रांगेतच बसू द्या आणि कमिटीनं खाली उतरून त्यांच्यापाशी जावं, खरं तर मला ते तसंही जास्त बरोबर वाटतं.

मानपत्रं अध्यक्षांनी वाचू नयेत, नवीन मेंबरांना एकेक वाचायला द्या, आधी दोनदा वाचून घेऊन. पाहुणा पुढारी असेल तर तो उशिरा येणार आणि ज्येष्ठ मंडळी ताटकळत बसणार, त्यापेक्षा शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातले एखादे निवृत्त सर बोलवा, दहा मिनिटं बोलतील आणि विषयाचं बोलतील. बारा वाजेपर्यंत जेवण लागलं पाहिजे, निम्म्यांच्या शुगरच्या गोळ्या असतात. ड्रिपवाल्या किंवा खतवाल्या कंपनीनं पैसे दिले तर त्यांचा लोगो मागच्या फ्लेक्सवर येऊ द्या, मानपत्रावर नाही. आणि खर्च मेंबरशिपच्या पैशातून करणार असाल तर आधी ठराव घ्या, नाहीतर पुढच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, तोच विषय दोन तास चालतो.

रेकॉर्डिंग तशीच कुणाच्यातरी मोबाईलमध्ये पडू देऊ नका, तो मोबाईल बदलतो आणि सगळं जातं. एक कॉपी पेन ड्राइव्हवर त्या घरी द्या, एक संघटनेच्या ड्राइव्हवर. जमलं तर सगळ्यांची एकेक पानाची माहिती एकत्र टाइप करून वार्षिक अहवालाला जोडा. आणि हे इथून पुढं सोपं जावं म्हणून आत्ताच्या कमिटीलाच एक नियम करून टाका, टर्म संपताना प्रत्येकानं एक पान लिहून द्यायचं, काय केलं, काय राहिलं, कुठल्या ऑफिसात कुणाला भेटायचं, कुठली फाईल कुणाकडं आहे, आणि ते पान चार्ज देताना पासबुकाबरोबरच पुढच्याच्या हातात ठेवायचं.