पाम पिवळा पडला? आधी कोयता खाली ठेवा

दिवाळी तोंडावर आली की मंगल कार्यालये, रिसॉर्ट, सोसायट्या सगळीकडे पामची ‘साफसफाई’ सुरू होते. पिवळी दिसेल ती झावळी तोडायची, शेंड्याला चार हिरव्या ठेवायच्या. कितीतरी पाम खंगतात ते याच तोडणीने.

जमिनीत पोटॅश कमी पडले की झाड ते जुन्या झावळ्यांतून ओढून नव्या कोंबाला पुरवते. पिवळी झावळी म्हणजे त्याची शिल्लक. ती तोडली की झाड वरच्या हिरवीतून ओढते, ती पिवळी पडते, पुन्हा कोयता चालतो. असे दोन-तीन वर्षे झाले की खोड शेंड्याकडे पेन्सिलीसारखे निमुळते होते. शिवाय ओल्या जखमेच्या वासाला खोड पोखरणारा सोंड्या भुंगा येतो. पूर्ण तपकिरी, वाळलेलीच झावळी काढा. रॉयल, बॉटल आणि फॉक्सटेल पाम ती आपणच गाळतात. बॉटल पामला तर मुळातच चार-सहा झावळ्या, त्यात तोडण्यासारखे काय आहे?

आता पिवळेपणा नेमका कुठे आहे ते बघा.

खालच्या झावळ्यांवर पिवळे-नारिंगी ठिपके, टोके करपलेली, देठाकडे हिरवे: पोटॅश. खालच्याच झावळ्या, पण कडेला रुंद पिवळा पट्टा आणि मध्यभाग ठळक हिरवा: मॅग्नेशियम, खजूर जातीच्या पामवर हे जास्त दिसते. सगळेच झाड फिकट: नत्र. नवे पान फिकट आणि शिरा हिरव्या: लोह. इथे खताआधी बुंध्याची माती उकरा. खोल लावलेले किंवा पाणी साचणारे झाड लोह उचलूच शकत नाही. नवे पान आखूड, चुरगळलेले, करपलेले: मँगनीज, चुनखडीच्या जमिनीत हे हमखास. त्यावर मँगनीज सल्फेट, लिटरला 5 ग्रॅम, फवारा.

न उघडलेले मधले पान पिवळे पडून हलक्या ओढीने हातात आले आणि कुजका वास आला, तर खताचा विचार सोडा. ती कोंबकूज आहे, त्याच दिवशी हात घाला. कुजका भाग निरोगी गाभ्यापर्यंत खरवडा, 10 टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद 100 ग्रॅम, चुना 100 ग्रॅम, पाणी 1 लिटर) लावा, पाऊस लागणार नाही असे झाका. शेजारच्या झाडांच्या शेंड्यात 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारा. खोडाला छिद्र, तपकिरी चिकट स्राव, चघळलेला भुसा दिसला तर सोंड्या. कान लावला तर करकर ऐकू येते.

खताचे प्रमाण: कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस मोठ्या माडाला वर्षाला 2 किलो म्युरेट ऑफ पोटॅश, जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी अशा तीन हप्त्यांत. शोभेच्या मध्यम पामला आमचा अंदाज हप्त्याला 300 ग्रॅम हेच म्युरेट ऑफ पोटॅश, सोबत 150 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. एकटे पोटॅश ओतत राहिलात तर मॅग्नेशियमची कमतरता ओढवून घ्याल. आणि हिरवळीला टाकलेला युरिया पामच्या मुळांनाही मिळतो; नत्र वाढले की पोटॅशची ओढ आणखी वाढते. लॉनमधले पाम जास्त पिवळे दिसतात ते यामुळेच.

‘आठ दिवसांत हिरवेगार’ म्हणून दुकानदार टॉनिकची बाटली पुढे करील. घेऊ नका. पोटॅशअभावी पिवळी पडलेली झावळी पुन्हा हिरवी होत नाही. नव्या झावळ्या येऊन जुन्या गळेपर्यंत दोन पावसाळे जातात.

ऑक्टोबरची कामे:
– वापशावर (जमीन ओलसर, पण चिखल नाही अशा वेळी) खत. बुंध्यापासून दीड-दोन फूट सोडून पाच फुटांपर्यंत पसरून
– मोठ्या झाडाला शेणखत 4-5 घमेली
– आळ्यात वाळलेल्या झावळ्यांचे आच्छादन
– बुंध्यावर चढवलेली माती काढणे
– एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कोयता स्पिरिटने पुसणे
– वादळाने मोडलेली हिरवी झावळी कापावी लागलीच, तर माड-खजुराला देठ मीटरभर ठेवून, जखमेवर लगेच बोर्डो पेस्ट