टेड कूसर वाचायचा तर सुरुवात कुठून करायची

अमेरिकन कविता म्हटलं की अर्धे लोक आधीच हात जोडतात, आपल्याला नाही बुवा झेपत म्हणून. अशांनी टेड कूसर घ्यावा. १९३९ चा जन्म, आयोवातलं एम्स गाव, नोकरी नेब्रास्कात लिंकनला विमा कंपनीत, तिथेच व्हाइस प्रेसिडेंट झाला आणि कविता लिहायचा पहाटे, ऑफिस गाठायच्या आधी. २००४ ते २००६ अमेरिकेचा पोएट लॉरिएट, म्हणजे राजकवी, २००५ ला पुलित्झर. बस, चरित्र एवढं पुरे, बक्षिसांत अडकू नका.

पहिली कविता 'अबँडन्ड फार्महाउस'. एकदा मोठ्यानं वाचा, मग पेन्सिल घेऊन त्यातल्या फक्त वस्तूंखाली रेघ मारा. बुटांचा साइज सांगतो माणूस धिप्पाड होता, पलंगाची लांबी सांगते उंच होता, पाठ मोडलेलं बायबल सांगतं देवभीरू होता, आणि दगडगोट्यांनी भरलेलं शेत सांगतं की शेती काही त्याला जमली नाही. कवी स्वतः रडारड करत नाही, सगळं वस्तूंकडून वदवून घेतो.

आता हेच आपल्याकडे करून बघा, गोव्यात फोंडा-डिचोलीकडे फक्त चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, उघडणारी घरं कमी आहेत का? अशा एखाद्या घरात उभं राहून माटोळीची (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती) रिकामी चौकट, न्हाणीतलं काळं पडलेलं पाणी तापवायचं भाण, भिंतीवरचं जुनं कॅलेंडर एवढंच लिहा, 'उदास', 'आठवणी' असले शब्द आले की सरळ काट मारा (हे सगळ्यात कठीण, सांगून ठेवतो).

त्यानंतर 'विंटर मॉर्निंग वॉक्स' हे पुस्तक. १९९८ ला कूसरला कॅन्सर झाला, रेडिएशनमुळे ऊन चालत नव्हतं म्हणून तो उजाडायच्या आत फिरायला जायचा आणि फिरताना सुचलेली कविता पोस्टकार्डावर चिकटवून लेखकमित्र जिम हॅरिसनला पाठवायचा. अशी शंभर कार्डं आहेत. प्रत्येकावर आधी तारीख, मग हवामानाची एक ओळ, मग कविता, आणि आजाराचं नाव फार क्वचित. हे पुस्तक एका बैठकीत संपवू नका, रोज एकच, जमलं तर सकाळीच.

स्वतः लिहिणार असाल तर तेच माप धरा, कार्डावर मावेल तेवढंच. लिहून झालं की कविता न वाचणाऱ्या कुणाला तरी दाखवा, कूसर आपल्या सेक्रेटरीला दाखवायचा आणि तिला कळली नाही तर पुन्हा लिहायला बसायचा. दाखवताना समजावून मात्र सांगू नका, वाचणारा कुठल्या ओळीवर अडखळतो तेवढं बघा आणि ती ओळ बदला.